डाव्या हाताची भिंत

काहील म्हणजे उसाचा रस कढवायची भली मोठी लोखंडी कढई. गुऱ्हाळ बंद असलं की तीच कढई भीमेत सोडायची, आठ-दहा माणसं आणि एखादी शेळी आत बसवायची आणि पल्याड न्यायची, असा आमच्या दोन्ही काठांचा रिवाज. होडीला निदान पुढचं-मागचं असतं. काहिलीला काहीच नसतं. मधल्या धारेला लागली की ती गरागरा फिरते, आणि आत बसलेल्याला दौंड तालुका कुठल्या अंगाला राहिला आणि शिरूर कुठल्या, काही म्हणता काही उमगत नाही. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नसे. बायका आत बसून लसूण सोलत. अल्याडच्या राहू गावचा चांगदेव मात्र काहिलीचं नुसतं नाव काढलं तरी काठापासून मागं सरायचा.

लहानपणी आईबरोबर पल्याड भुईमूग काढायला जाताना तो एकदाच तिच्यात बसला होता. मधोमध आल्यावर काहीलवाल्याच्या हातातला बांबू निसटला. काहील फिरायला लागली ती थांबेना. आईनं घाबरून पोराचं तोंड तळाशी दाबून धरलं आणि तळाला साचलेलं पाणी त्याच्या नाकात गेलं. कोणी बुडालं नाही, कोणाला साधं खरचटलंही नाही. पण पोर त्या दिवशी पाण्याला जे भ्यालं ते भ्यालंच. मोठा होऊन दौंडला रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये हाताखालचा कामगार, रेल्वेच्या भाषेत खलाशी, म्हणून लागला, रोज राहूहून खुटबाव स्टेशनपर्यंत वाऱ्यासारखी सायकल हाणायचा, पण वाटेत मुळा-मुठेची फरशी, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, आली की खाली उतरायचा आणि रस्त्याच्या अगदी मधून, पुढच्या चाकावर नजर ठेवून सायकल ढकलत न्यायचा. "नावाचा खलाशी आन् पाण्याला भितो," म्हणून शेडमधली माणसं त्याची चेष्टा करायची.

आणि बायको मिळाली ती नेमकी नदीपल्याडची. चांगदेवाच्या लहानपणी राहूत रानातल्या विहिरी पोहायला असायच्या त्या गावातल्या पोरांना. बौद्धवाड्यातल्या पोरांनी लांबून बघायचं. त्यामुळे त्याच्या वाड्यात पोहता येणारा माणूस औषधालासुद्धा सापडला नसता. रंभाच्या माहेरी मात्र नदीचा खालच्या अंगाचा डोह वाड्याच्या वाट्याला आलेला होता, आणि त्या डोहात ती परकर खोचून भावांच्या बरोबरीनं पोहायला शिकली होती. तिला पाण्याचं काय सांगणार!

लग्नाला वर्ष झालं असेल-नसेल, भाद्रपदात पल्याडून निरोप आला की रंभाचा बाप गेला. भीमा दुथडी भरून वाहत होती. काहीलवाल्या कोंडिबानं पाण्याकडं बघून मान हलवली, पण मयताचं काम म्हणून काहील काढली. रंभा आत जाऊन बसली. चांगदेवानं तिच्यामागं एक पाय उचलला आणि तो खाली टेकला तो पुन्हा काठावरच. दुसऱ्यांदा उचलला, पुन्हा तेच. शेवटी रंभाच खाली मान घालून कोंडिबाला म्हणाली, "चला मामा, उशीर हुतोय." काहील निघून गेली. चांगदेव सायकलवर खुटबावला, तिथून रेल्वेनं दौंडला, दौंडहून एसटीनं शिरूरला आणि शिरूरहून दुसऱ्या एसटीनं सासुरवाडीला, असा सगळा वळसा घालून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. काठावर उभं राहून हाक मारली तर ऐकू जाईल असं ते गाव. तोवर सगळं उरकलं होतं. जावयाच्या जागी दुसऱ्याच कोणी तरी खांदा दिला होता. रंभा त्याला यावरून एक शब्द बोलली नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर कितीदा तरी वाटलं.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली होती. पाऊस बरा होत होता, हातात थोडे पैसे खेळत होते आणि तरण्या पोरांना नसते उद्योग सुचत होते. आनंदराव बागाईतदारांचा हौसराव पुण्याला कॉलेजात दोन वर्षं काढून आला होता आणि त्यानं तरुण मंडळ काढलं होतं. नदीकाठची माणसं म्हणायची, खरा गडी पोहण्यात कळतो. राहूची म्हणायची, सायकलीवर. यवतकडची म्हणायची, पळण्यात. हौसराव म्हणाला, मग तिन्ही एकदमच करू. पल्याडच्या काठावरून भीमा पोहून अल्याड यायचं, तसंच ओलेत्यानं सायकलीवर बसून खुटबाव गाठायचं आणि तिथं सायकल टाकून यवतपर्यंत पळायचं. तिहेरी शर्यत, पौष महिन्यात, नदी निवळल्यावर. असलं काही कोणी कधी पाहिलं नव्हतं. म्हातारी माणसं म्हणाली, पोरांना कामं राहिली नाहीत.

हौसराव बौद्धवाड्यातही आला. "चांगदेव, राहूत तुझ्यावानी सायकल कुणी मारीत न्हाई. तू पायजेस."

चांगदेव नाही म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात आतून चुलीपुढून रंभाचा आवाज आला. "घाला त्येंचं नाव."

हौसराव गेल्यावर चांगदेव आत आला. "येडी झालीस का? मला पवाया येतं का?"

"शिकवीन की."

"मरंन की मी."

रंभानं तव्यावरची भाकरी उलटली. तिला दिवस गेले होते, चौथा महिना होता, आणि ते अजून दोघांनाच ठाऊक होतं. "पहिलं बाळंतपण आईकडं हुणार," ती म्हणाली. "रातीअपराती पोटात कळा सुरू झाल्या, तर दौंडावरनं शिरूर करून दुसऱ्या दिशी येनार तुम्ही? आबाच्या वक्ताला आलासा तसं?"

एवढंच. वर्षभरात पहिल्यांदा ती त्यावर बोलली.

हौसरावानं आपली रानातली विहीर मोकळी करून दिली. त्याच्या बापाला, आनंदरावाला, ते रुचलं नाही. पहिले काही दिवस तो मोटारीच्या खोपीत पाठ करून बसायचा. पुढं पुढं तोंड करून बसायला लागला, कारण बघण्यासारखं खरंच होतं. रंभा पायऱ्यांवर बसलेली, तिच्या हातात कासरा, कासऱ्याचं दुसरं टोक चांगदेवाच्या कमरेला, पाठीला दोन वाळलेले भोपळे बांधलेले, आणि एवढा मिशीवाला बाप्या पाण्यात "धर, धर, सोडू नगंस!" म्हणून बोंबलतोय. आनंदरावाला हसू आवरायचं नाही. पंधरवड्यानं त्यानंच वरून ओरडून सांगितलं, "आरं, पाय ताठ कर, बेडकावानी काय करतुयास!" त्यानंतर त्या विहिरीवर कोणी पाठ करून बसलं नाही.

चांगदेवाची भीती मात्र रोज नवी असायची. पायरीवर बसला की दोन्ही हातांनी कड धरून ठेवायचा. खाली काळंशार पाणी, त्याचा तळ दिसत नाही, आणि त्या न दिसणाऱ्या तळाचंच त्याला जास्त भय. म्हणून त्यानं आपल्यापुरती एक तोड काढली. डोळे गच्च मिटायचे आणि डाव्या हाताची भिंत सोडायची नाही. दोन हात मारायचे, डावी बोटं दगडाला लावून बघायची, आहे, पुन्हा दोन हात मारायचे. बोटं दगडाला लागली की त्याचा जीव भांड्यात पडायचा. असा तो विहिरीला फेऱ्यावर फेऱ्या मारायला लागला. आधी एक भोपळा सुटला, मग दुसरा, मग कासराही सुटला.

"डोळं उघडा की," रंभा वरून म्हणायची.

"उघडंच हायत," तो मिटल्या डोळ्यांनी सांगायचा.

सातव्या महिन्यात तिचा भाऊ तिला न्यायला आला. ती काहिलीत बसून माहेरी गेली. चांगदेव काठावर उभा राहिला आणि काहील दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिला. शरम वाटत होती, पण पाय पुढं होत नव्हता. पुढं तो एकटाच विहिरीवर जात राहिला. आता त्याला वाटायला लागलं होतं की आपल्याला पोहता येतं. भीती थोडी बाजूला सरकून बसली होती, एवढंच.

शर्यतीच्या आदल्या दिवशी बाकी सगळे गडी काहिलीतून पल्याड गेले. चांगदेव सायकल अल्याडच्या काठावर बाभळीखाली लावून, चालत खुटबावला जाऊन, रेल्वे आणि दोन एसट्या करून, अंधार पडताना सासुरवाडीला पोचला. सासू मुक्ताबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "पाव्हनं, नदी पवून जानार म्हंता, आन् आला एसटीनं?" रंभा हसली नाही. तिचे दिवस भरत आले होते, पाय सुजले होते, आणि ती त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघत होती.

सकाळी काठावर ही गर्दी. पाण्यावर वाफा तरंगत होत्या. पावसाळ्यातली भीमा उरली नव्हती, पण डोह रुंद होता, आणि पलीकडची माणसं बोटाएवढी दिसत होती. चांगदेवानं चड्डीची नाडी तीन वेळा आवळली. शेजारी उभा असलेला मल्हारी नावाचा गडी, दोन्ही हात मांडीवर थोपटत, "चल की पाव्हनं, गंमत हाय!" म्हणाला. चांगदेवाला त्याचा गळा आवळावासा वाटला. कोंडिबाची काहील कोणी बुडालं तर म्हणून काठाला तयार उभी होती. तिच्याकडं त्यानं बघितलंच नाही.

हौसरावानं शिट्टी वाजवली. सगळ्यांनी एकदम पाण्यात उड्या टाकल्या. चांगदेवानंही टाकली, कारण मागून धक्का बसला.

पाणी डोक्यावरून गेलं. नाकात गेलं. काहिलीच्या तळाचं तेच पाणी, तोच वास. त्यानं डोळे गच्च मिटले आणि हात मारायला सुरुवात केली. दोन हात, आणि डावी बोटं भिंत शोधायला लागली. भिंत नव्हती. पुन्हा दोन हात. भिंत नव्हती. इथं भिंत कुठून असणार, हे डोक्याला कळत होतं, पण हाताला कोण सांगणार? तो डावीकडं शोधत गेला, जास्त डावीकडं गेला, आणि भीतीनं जितकं जोरात मारता येईल तितकं मारत राहिला. आरडाओरडा ऐकू येत होता. त्याला वाटलं, आपल्याला शाबासकी देताहेत. छाती फुटायची वेळ आली तेव्हा डाव्या हाताला चिखल लागला. लागला! त्याला रडूच फुटलं. पोचलो! तो गुडघ्यावर उभा राहिला, तोंडावरचं पाणी पुसलं आणि डोळे उघडले.

समोर मुक्ताबाई उभी होती.

सगळा काठ हसून हसून लोळत होता. विहिरीत शिकलेला गडी नदीतही विहिरीसारखाच पोहला होता. सुटला तिथून डावा वळसा घेत घेत, सगळी नदी सोडून, थोडा खालच्या अंगाला त्याच काठावर येऊन लागला होता. बाकीचे पार मधोमध गेले होते.

हौसरावाला हसू आवरेना, तरी तो जवळ आला. "ऱ्हाऊ दे, चांगदेव. काहिलीत बस, तुला पल्याड सोडतो. सायकलपासनं पुढं कर."

कोंडिबानं काहील वळवून आणली. चांगदेवानं तिच्याकडं बघितलं. तिचा तो गोल काठ, तळाला साचलेलं ओंजळभर पाणी. नको, त्यापेक्षा नदी बरी, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचारानं तो स्वतःच चकित झाला.

एवढ्यात गर्दीतून रंभा पुढं आली. पोटाला हात लावून, चिखलात पाय रोवत. ती हसत नव्हती.

"डोळं मिटलं व्हतं ना?" ती हळूच म्हणाली.

"व्हय."

"आवं, त्या दिशी पुरात काहिलीत बसले, तवा मीबी भ्याले. लई भ्याले. पर डोळं मिटलं न्हाई. पल्याड चिंच दिसत व्हती, तिच्याकडं बघत ऱ्हायले." मग तिचा आवाज आणखी बारीक झाला. "आन् आताबी मला भ्या वाटतंय. बाळंतपणाचं. आईला बोलले न्हाई. सांजच्याला या तुम्ही. उद्या नगं, सांजच्याला."

रंभा भिते, हे त्याला आजवर ठाऊकच नव्हतं. ती भीत नाही आणि आपण भितो, एवढ्यावरच त्यानं लग्नापासून स्वतःला कमी लेखलं होतं.

"पल्याड काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"बाभळ. माझी सायकल हाय तिथं."

"मग तिच्याकडं बघा."

तो पाण्यात शिरला. भीती काही गेली नव्हती, उलट डोळे उघडे असल्यामुळे ती आता चांगली दिसत होती. हिरवंकाळं पाणी, त्याच्यावरची चमक, खाली काय आहे कोण जाणे. मधोमध आल्यावर पायाला काहीतरी गार लागलं आणि तो जोरात किंचाळला. शेवाळ होतं. डावा हात मधूनच भिंत शोधायला जायचा, मग तो बाभळीकडं बघायचा आणि हात परत आणायचा. बाभळ हळूहळू मोठी झाली. तिच्या काट्यांत अडकलेली एक चिंधी दिसायला लागली. मग सायकलचं हँडल दिसलं. मग घंटी. काठावर पोचला तेव्हा त्याला उभं राहता येईना, म्हणून तो चार पायांवर वाळूतून सायकलपर्यंत गेला आणि तिच्या चाकाला मिठी मारून बसला.

आणि मग मात्र त्याला मजा आली! अशी मजा त्याला पुन्हा कधी आली की नाही, मला शंका आहे. ओल्या चड्डीनं सायकलवर बसला आणि पायडल असं मारलं की साखळी करकरली. रस्ता त्याचाच, रोजचाच. राहूची माणसं रस्त्यावर उभी राहून ओरडत होती. "चांगदेव आला रं, जित्ता आला!" खोपीत बसून हसणारा आनंदराव आज फेटा उडवत होता. मुळा-मुठेची फरशी आली तेव्हा तो उतरायला विसरला. मधोमध गेल्यावर त्याला आठवलं, पण तोवर सायकल पार झाली होती. वाटेत एकाला मागं टाकलं, मग दुसऱ्याला. मल्हारी तर रस्त्याकडेच्या गुऱ्हाळावर रस प्यायला थांबला होता, तो तिथंच बाजेवर आडवा झालेला दिसला.

खुटबावला सायकल टाकून पळायला लागला तर पाय आपले राहिले नव्हते. सायकलीवर फिरून फिरून ते गोलच पडत होते. मागं टाकलेली माणसं पुन्हा पुढं गेली. यवतला पोचला तो शेवटून दुसरा, आणि शेवटचा मल्हारी तर आलाच नाही. काहिलीतून उतरून फटफटीवर पुढं आलेल्या हौसरावानं गळ्यात झेंडूची माळ घातली. लोक म्हणाले, बस, गूळ-शेंगदाणे खा, सगळ्यांचे सत्कार आहेत. दौंडची गाडी यायला वेळ होता, आणि दौंडहून शिरूरची एसटी तर दुसऱ्या दिवशी सकाळी. चांगदेवानं गूळ तोंडात टाकला आणि हौसरावाला म्हणाला, "मला खुटबावला सोड. सायकल घेऊन नदीवर जातू."

काठावर पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. कोंडिबा बिडी ओढत बसला होता. "आता काय पवतुस का काय?" त्यानं विचारलं.

"न्हाई मामा. काहील काढा."

कोंडिबानं बिडी विझवली आणि उठला. चांगदेवानं पाय उचलला. तो काठावर परत येऊ पाहत होता. त्यानं दोन्ही हातांनी काहिलीची कड धरली आणि पायाला ओढून आत घेतलं. दुसराही घेतला. पोहण्यापेक्षा हे अवघड गेलं, अगदी खरं सांगायचं तर. पोहताना हातापायांना काही काम असतं. इथं नुसतं बसायचं आणि भ्यायचं. मधल्या धारेला काहील फिरायला लागली. दौंड गेलं, शिरूर आलं, शिरूर गेलं. पण डोळे त्यानं मिटले नाहीत. पल्याडच्या काठावर चिंचेखाली कोणीतरी उभं होतं. काहील फिरली की ते नाहीसं व्हायचं, पुन्हा फिरली की यायचं, आणि दर खेपेला जरा मोठं होऊन यायचं. तो प्रत्येक फेऱ्याला त्याची वाट बघायला लागला.

रंभाच होती. तो उतरला तेव्हा गळ्यातली झेंडूची माळ पार विस्कटली होती. तिनं त्याचा हात धरला. तिचा हात घामानं भिजला होता.

"भ्यालासा?"

"लई."

"बरं झालं आलासा," ती म्हणाली आणि चिंचेला टेकून जरा वेळ थांबली, दात आवळून. मग श्वास सोडला. "दुपारपास्नं कळा येत्यात. आईला आता सांगू या."

पोरगी झाली ती तांबडं फुटायच्या आत. चांगदेव दाराबाहेर भीत भीत बसला होता, पहिलं रडणं त्यानं आपल्या कानांनी ऐकलं. दौंडहून शिरूरला जाणारी पहिली एसटी तोवर सुटलीसुद्धा नव्हती.